गुन्ह्याचे शास्त्र आणि त्याचा विद्यार्थी

“मुलगा गुन्हेशास्त्राची पदवी घेईन म्हणतो, पण पुढे करणार काय? फौजदार होणार की वकील?” असा प्रश्न अलीकडे आपल्याकडील घरांतून ऐकू येतो. तो वावगा नाही. सागर विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५९ साली निघाला. २०२० साली तर संसदेने कायदा करून न्यायसहायक विज्ञानाचे राष्ट्रीय विद्यापीठच स्थापन केले. बारावी झालेला मुलगा वा मुलगी आज या वाटेने जाऊ शकते. परंतु पोटापाण्याच्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. हे शास्त्र आजवर कोणाकडे पाहत आले, आणि कोणाकडे पाहायचे राहून गेले?

आरंभ मोठा उमदा होता. १७६४ साली मिलान शहरातील बेक्कारिया या सव्वीस वर्षांच्या तरुणाने गुन्हे आणि शिक्षा यांवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याने गुन्हेगाराला तपासले नाही; कायद्याला तपासले. कबुलीसाठी केलेला छळ व्यर्थ आहे, देहान्ताची शिक्षा अनावश्यक आहे, आणि शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हे त्याचे सांगणे. न्यायासनावर बसलेल्यालाच त्याने प्रश्न विचारला होता.

पुढील शतकात नजर फिरली. इटलीतीलच लोम्ब्रोसो या वैद्याने एका दरोडेखोराच्या कवटीत एक विचित्र खळगा पाहिला आणि त्यावरून तर्क बांधला की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. त्याचा ग्रंथ १८७६ साली निघाला. १८८५ साली त्याचा सहविचारी गारोफालो याने आपल्या ग्रंथाच्या मथळ्यातून या विद्येला तिचे नाव दिले. म्हणजे या शास्त्राचे बारसे झाले तेच मुळी कवट्या मोजण्याच्या काळात! १९१३ साली इंग्लंडमध्ये गोरिंग याने सुमारे ३००० कैद्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. ताडून पाहण्यासाठी त्याने सैनिक घेतले, तसेच विद्यापीठांतील विद्यार्थीही घेतले. गुन्हेगारांचा निराळा शारीरिक साचा काही सापडला नाही. गोरिंगलाही बुद्धिमांद्याच्या कल्पनेतून पुरते सुटता आले नाही, हेही सांगितले पाहिजे.

हा वाद तिकडे युरोपात चालला; आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण त्याची झळ आपल्याच गावकुसाबाहेर लागली होती. लोम्ब्रोसोच्या ग्रंथाआधी पाच वर्षे, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असे त्यामागील तर्कट होते. मापे घेण्याचीसुद्धा गरज पडली नाही. जातीचे नाव पुरले. १९११ च्या कायद्याने हा जाच मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींतील माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडताना दाखला, हे नित्याचे झाले. सोलापुरास तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखला जातो. मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची तरतूद तर १८९७ मध्येच झाली होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही मंडळी ‘विमुक्त’ ठरली. परंतु कागदावरचा शिक्का पुसला म्हणून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतला पुसला जातो असे नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, तेव्हा ज्याच्याविषयी इतरांनी शंभर वर्षे लिहिले तो माणूस स्वतः बोलू लागला होता.

नजर पुन्हा फिरवण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३९ साली सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने विचारले, की गरिबाच्या चोरीचे कोष्टक आपण मांडतो, मग पांढरपेशा माणसाच्या लबाडीचे का मांडत नाही? पुढे त्याने ७० मोठ्या कंपन्यांची दप्तरे तपासली. त्यांच्याविरुद्ध ९८० निर्णय गेलेले आढळले. एकही कंपनी सुटली नाही. पण १९४९ साली पुस्तक निघाले तेव्हा खटल्यांच्या धास्तीने प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळायला लावली. ती छापली गेली १९८३ साली, ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. पारध्याचे नाव चौकीच्या वहीत लिहायला मात्र कोणाला धास्ती वाटली नव्हती!

आता विद्यार्थ्याकडे वळू. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे शहराचा पोलीसप्रमुख व्होल्मर याच्या पुढाकाराने १९१६ पासून विद्यापीठात या विषयाचे वर्ग भरू लागले. १९५० साली स्वतंत्र विद्यालय झाले. उद्देश सरळ होता, शिकलेला पोलीस तयार करणे. पण शिकलेला माणूस प्रश्नही विचारतो. १९७० नंतर तेथील काही अध्यापक आणि विद्यार्थी कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो हेच विचारू लागले. १९७६ साली ते विद्यालय बंद झाले. अध्यापनाचा दर्जा नीट नव्हता असे चालक म्हणत. प्रश्न झोंबले असे विद्यार्थी म्हणत.

तेव्हा ज्या पालकांनी आरंभीचा प्रश्न विचारला त्यांना आम्ही इतकेच सांगू: मुलाला हा विषय अवश्य शिकू द्या. बोटांचे ठसे, रक्ताची परीक्षा, कैद्यांच्या सुधारणेच्या पद्धती, हे सारे त्याने शिकावे. त्यात भाकरीही आहे. पण पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला त्याच्यापुढे ती कवटी आणि ती हजेरीची वही ठेवली जावी. वैद्यकाचा विद्यार्थी प्रथम प्रेताशी ओळख करून घेतो. या विद्येच्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्या शास्त्राच्या चुकांशी ओळख करून घ्यावी. कारण उद्या त्याच्या एका अहवालावर कोणाचे तरी घर उभे राहील किंवा मोडेल, आणि त्या घरातल्या माणसाला त्याची चूक दाखवण्याची संधी कदाचित मिळणार नाही.