आधी तिथी, मग पोहणे

मुंबईच्या चौपाटीवर पोहायला निघालात? मग आधी तिथी बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला सुमारे ३, अष्टमीला ६. दिवसा आणि रात्रीही.

अठराव्या शतकात हेच भरतीचे पाणी महालक्ष्मी आणि वरळी यांमधल्या खिंडारातून थेट बेटात घुसे. त्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने ते अडवले. १८७८ पासून अपोलो बंदरावर यंत्र भरतीची नोंद करू लागले.

बांध झाला, यंत्र आले. समुद्राची चाल काही बदलली नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरच्या आसपास चढते नि तितकेच उतरते. त्या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही टिकेलच असे नाही. तेव्हा ओहोटी लागली, की मुकाट्याने काठ गाठावा, हे बरे!