गोदाघाटाचा उजेड

गोदाघाटाच्या जलरंगचित्रांना सरसकट ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणायची आपल्याकडे सवय पडली आहे. (दृक्‌प्रत्ययवादी हा मराठी शब्द कोशातच राहिला.) उघड्यावर बसून काढलेले निसर्गचित्र, मोकळे फटकारे, पाण्यावरचे ऊन, एवढे जुळले की शिक्का तयार! मला हे नाव चुकीच्या घरी नेणारे वाटते.

मोनेचे १८७२ चे ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ घ्या. करड्या-निळ्या धुक्यावर नारिंगी तैलरंगाचा सूर्य वरून ठेवलेला आहे. पाण्यातले त्याचे प्रतिबिंब म्हणजे तुटक, आडवे फटकारे. गंमत अशी, की या चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. तो भोवतीच्या आकाशाहून उजळ नाहीच, फक्त रंगाने वेगळा आहे. शेजारच्या निळ्यामुळे तो पेटतो.

आता नारोशंकराच्या देवळाचे एखादे पारदर्शक जलरंगचित्र आठवा. शिखरावरचे ऊन म्हणजे तिथे कोरा कागद! जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. फिकटाकडून गडदाकडे जायचे. एकदा झाकलेला कागद पूर्वीसारखा परत मिळत नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी हा घाट वर्षानुवर्षे रंगवला तो याच माध्यमात. आणि दगड काळा असला तरी जाणता चित्रकार सहसा ट्यूबमधला काळा घेत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला काळा सावलीत निळसर, उन्हाकडे तांबूस झुकवता येतो. काळा टाळण्यापुरते मोनेशी आपले जमते खरे.

पण वंशावळ निराळी. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेले जे. जे. स्कूल इंग्रजी वळणाचे होते, आणि इंग्रजांचा जलरंग टर्नर-गर्टिनचा, पॅरिसच्या १८७४ च्या त्या गाजलेल्या प्रदर्शनाहून पाऊणशे वर्षे जुना. खुद्द मोने १८७०-७१ मध्ये युद्धामुळे लंडनला राहिला, तेव्हा त्याने टर्नरची चित्रे पाहिली होती. म्हणजे नाते आहे, पण चुलत.

कुणी याला शब्दच्छल म्हणेल. पण इम्प्रेशनिस्ट म्हणून पाहणारा फटकारे शोधत बसतो, आणि रामकुंडाच्या ओल्या पायरीवर जी बोटभर पट्टी चित्रकाराने कुंचल्यापासून वाचवलेली असते, ती त्याच्या नजरेतून सुटते.