वाळवंट आणि वाळवण : मढ गावाचा इतिहास

चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज सकाळी गच्चीवर किंवा अंगणात कुरडया-पापडांचे वाळवण घातले असेल आणि कावळे हाकायला घरातले एखादे मूल बसवले असेल. या दिवसांत इतिहासावर बोलायचे तर वाळवणाचाच विषय घ्यावा, असे मी ठरवले. मात्र हे वाळवण एका घरचे नसून एका सबंध गावाचे आहे. त्या गावाचे नाव मढ.

वाळवंट हा शब्द उच्चारताच आज आपल्यापुढे राजस्थान किंवा अरबस्तान उभे राहते. परंतु मराठीत या शब्दाला आणखी एक जुना अर्थ आहे. पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी वाळवंट आहे आणि ते माणसांनी गजबजलेले आहे. म्हणजे जेथे वाळू आहे तेथे ओसाडीच असली पाहिजे, असे आपल्या भाषेने कधी मानले नाही. मढचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण या गावाकडे बाहेरून पाहणाऱ्यांना तेथे बहुधा नुसती रेताड जमीनच दिसली आहे.

मढ आज बृहन्मुंबईत आहे. मालाडच्या पश्चिमेस दक्षिणोत्तर पसरलेली जमिनीची एक पट्टी आहे. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस मनोरीची खाडी, पूर्वेस आणि दक्षिणेस मालाडची खाडी. या पट्टीच्या दक्षिण टोकाला मढ वसलेले आहे. खाडीपलीकडे अगदी समोर वेसावे, म्हणजे आजचे वर्सोवा, दिसते. होडीने पाचसात मिनिटांत माणूस पैलतीराला लागतो. पण रस्त्याने जायचे तर एरंगळ, अक्सा, मार्वे, मालाड असा वळसा घालून वीसएक किलोमीटरांची वाट तुडवावी लागते. तेव्हा मढ दूर आहे की जवळ, या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्या वाहनावर अवलंबून राहते. बैलगाडीच्या आणि मोटारीच्या माणसाला ते आडबाजूचे गाव वाटले. होडीच्या माणसाला मात्र ते सदैव खाडीच्या तोंडावरचे, रहदारीच्या वाटेवरचेच गाव होते.

आता हवामानाकडे वळू. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखाला वाळवंट कोण म्हणेल? परंतु या पावसातला शेकडा ९० हून अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने आकाश जवळजवळ कोरडे असते. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. अशा चिंचोळ्या, रेताड किनाऱ्यावर गोडे पाणीही बेताचेच असते. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते आणि भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यावर हलके म्हणून तरंगत राहते. विहीर फार उपसली की खालचे खारे पाणी वर चढते. चार महिने पाण्यात आणि आठ महिने वाळवंटात, असा या किनाऱ्याचा संसार आहे.

याच समुद्राच्या वायव्येस मकरानचा किनारा आहे. तो खऱ्या अर्थाने वाळवंटी आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये शिकंदराचा नौसेनापती निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे याच किनाऱ्याने गेला. त्या प्रवासाची हकीकत एरियन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवली आहे. त्या किनाऱ्यावरच्या लोकांना ग्रीकांनी ‘मासे खाणारे’ असेच नाव दिले. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात जाळी लावून ते मासे धरीत, मोठे मासे उन्हात वाळवीत, ते कुटून त्यांचे पीठ करीत आणि त्याच्या भाकऱ्या भाजीत. गवत नसल्याने गुरांनाही सुके मासेच घालीत. ग्रीकांना हे सारे दैन्य वाटले. परंतु थोडा विचार केला तर त्यात केवढी हिकमत आहे ते दिसून येते. ज्या उन्हाने जमिनीतले धान्य नाहीसे केले, त्याच उन्हाला त्या लोकांनी अन्न टिकवण्याच्या कामाला जुंपले होते.

मढच्या कोळ्यांनी हेच केले, आणि तेही फार कठीण माशाच्या बाबतीत केले. बोंबील हा मासा रत्नागिरीच्या उत्तरेपासून सौराष्ट्रापर्यंतच्या समुद्रात विपुल मिळतो. त्याच्या अंगात शेकडा ९० च्या आसपास पाणीच असते, त्यामुळे तो पाहता पाहता नासतो. बर्फ आणि आगगाडी नव्हती तेव्हा ताजा बोंबील गावाच्या पंचक्रोशीबाहेर जाणे अशक्यच होते. यावर उपाय काय? बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या. या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. मीठ लागत नाही की भट्टी लागत नाही. वरून ऊन, मधून वारा. दोनतीन दिवसांत लुसलुशीत मासा काडीसारखा होतो आणि मग घाट चढून देशावरच्या बाजारात जायला मोकळा होतो. जवळा जमिनीवर पसरून वाळवतात. हे काम मुख्यतः बायकांचे. मासा धरणे पुरुषांकडे आणि त्याचा पैसा करणे बायकांकडे, अशी ही जुनी वाटणी आहे.

मासा धरण्याचे शास्त्रही असेच हिशेबी आहे. बोंबील डोल जाळ्यात सापडतो. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून त्यांना हे पिशवीसारखे जाळे बांधतात. जाळे माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा जाळ्यात आणून घालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते तेव्हा प्रवाहाला ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा ती मंदावते. म्हणून कोळ्याला तिथी ठाऊक असावी लागते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, असा एक जुना ठोकताळा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळ नसलेल्या माणसाने चंद्रावरून समुद्राची वेळ सांगावी, ही विद्या सामान्य नव्हे.

आता राजकीय इतिहास. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला पूर्वी लहान लहान बेटांची रांगच होती. मढ हे त्यांतलेच. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या अखत्यारीतला मुलूख तहाने पोर्तुगिजांना दिला. मढच्या शेजारी एरंगळला समुद्रकाठी सेंट बोनाव्हेंचरचे देऊळ आहे. ते १५७५ सालचे म्हणून ओळखले जाते. पुढे सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी मढच्या टोकावर किल्ला बांधला. वेसाव्याच्या खाडीचे तोंड राखण्यासाठी तो होता, म्हणून त्याला कोणी मढचा किल्ला म्हणतात, कोणी वेसाव्याचा. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांकडे जायचे ठरले आणि १६६५ मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. साष्टी मात्र पोर्तुगिजांनी सोडली नाही. १६९४ मध्ये मस्कतच्या अरबांनी साष्टीवर उतरून लूट आणि जाळपोळ केली. म्हणजे वाळवंटी किनाऱ्यावरची माणसे एकदा शस्त्रे घेऊनही या बाजूला येऊन गेली.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवला. वसई घ्यायची तर समुद्राकडून येणारी रसद तोडणे प्राप्त होते आणि त्यासाठी किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक हस्तगत करावी लागणार होती. १७३९ च्या फेब्रुवारीत वेसाव्याचे हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले, मार्चमध्ये धारावी पडली आणि मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी अप्पांना शरण आला. मृग नक्षत्र अवघ्या काही आठवड्यांवर होते. आणखी महिनाभर वसई तगली असती तर पावसाने वेढ्याची काय दशा केली असती, हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे ३५ वर्षांनी, १७७४ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी ठाणे घेतले. पाठोपाठ सारी साष्टी त्यांच्याकडे गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांची झाली.

या तारखांकडे पुन्हा एकदा पाहा. १५३४ चा डिसेंबर, १७३९ चा फेब्रुवारी, १७७४ चा डिसेंबर. या किनाऱ्यावर राज्ये बदलली ती उघाडीत बदलली. पावसाळ्यात आरमारही बंदरात आणि मचवेही किनाऱ्यावर. राजाचा आणि कोळ्याचा हंगाम एकच होता. परंतु दोघांना या भूमीचे महत्त्व वेगवेगळ्या कारणाने वाटे. राज्यकर्त्याला खाडीचे तोंड हवे होते. कोळ्याला खाडीच्या तोंडाबरोबर वाळवणाची वाळूही हवी होती. तोंडावर किल्ला उभा राहिला आणि कागदोपत्री त्याचे नाव राहिले. वाळूवर बांबूचे मांडव उभे राहिले, ते दर पावसाळ्यात उतरले आणि दर आश्विनात पुन्हा चढले. दगडी किल्ल्याचे आज अवशेष उरले आहेत आणि ते हवाई दलाच्या ताब्यात आहेत. बांबूचा मांडव मात्र अजून उभा आहे.

धर्माच्या बाबतीतही या पट्टीने एक समंजसपणा जपलेला दिसतो. मढला हरबादेवीचे मंदिर आहे, किल्ल्याजवळ किल्लेश्वर आहे आणि एरंगळला जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सेंट बोनाव्हेंचरची जत्रा भरते. तिला सर्व धर्मांचे लोक जातात. इकडच्या जुन्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. तरी त्यांची घरची बोली मराठीच राहिली. कोळी हिंदू असो की ख्रिस्ती, त्याला तिथी मोजावीच लागते, कारण भरती कोणाचा धर्म विचारीत नाही.

१८६७ मध्ये विरारहून मुंबईपर्यंत आगगाडी धावू लागली. तिने मालाडला मुंबईजवळ आणले. मढ मात्र खाडीपलीकडेच राहिले. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि मढही बृहन्मुंबईत आले. तरीही एकांत मोडला नाही. पुढे या एकांताचेच मोल वाढले. चित्रपटवाले आले, बंगले झाले, सुटीच्या दिवशी माणसांची रीघ लागू लागली. आता मढ आणि वर्सोवा यांना जोडणारा पूल बांधायचे महापालिकेने ठरवले आहे. पूल झाला की वीसएक किलोमीटरांचा वळसा संपेल. आजारी माणसाला इस्पितळ आणि मुलांना कॉलेज जवळ येईल. हे चांगलेच आहे. गावाने अडचणीत राहावे म्हणजे आपल्याला त्याचे कौतुक करता येईल, असे म्हणणे हा शहरी माणसाचा स्वार्थ होय.

परंतु पुलाबरोबर जमिनीची किंमतही येते, आणि येथेच वाळवंट या शब्दाचा खरा कस लागतो. वलांडी पावसाळ्यात उतरवलेली असते. त्या वेळी कोणी नकाशा काढला तर त्या जागेवर काय दिसेल? मोकळी रेती. सातबारावर वाळवणाला पीक म्हणून स्थान नाही, आणि बाईने तेथे उन्हात घालवलेल्या दिवसांना तर मुळीच नाही. कोळीवाड्यांच्या हद्दी आखून द्याव्यात, त्यांत मासे सुकवण्याच्या जागाही धराव्यात, ही कोळी समाजाची जुनी मागणी आहे. जी जमीन आठ महिने राबते आणि चार महिने विसावते, तिला पडीक ठरवणे म्हणजे उन्हाळ्यात शेत पाहून शेतकऱ्याला आळशी म्हणण्यासारखे आहे.

दुसरी काळजी आकाशाची आहे. आठ महिन्यांच्या कोरडेपणावर हा सारा व्यवहार उभा आहे आणि तो कोरडेपणाच आता पूर्वीसारखा भरवशाचा वाटत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने मुंबईत पाऊस आणला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारा झोडपला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी पुन्हा अवकाळी पाऊस झाला. आपल्याला अशा पावसाने बरे वाटते, उकाडा कमी होतो. परंतु वलांडीवरच्या बोंबलावर एक सर पडली की तो माल गेला. आपल्या गच्चीवरच्या कुरडया भिजल्या तर आपण चार दिवस हळहळतो. तेथे भिजते ती वर्षाची बेगमी.

म्हणून, पूल झाल्यावर आपण अवश्य मढला जावे. किल्ला बाहेरून पाहावा, एरंगळची जत्रा पाहावी. आणि वाटेत मोकळी वाळू दिसली, तर ती कोणाची आहे हे विचारण्याआधी ती कोणत्या महिन्यात पाहतो आहोत, याचा विचार करावा. आषाढात गेलो असलो तर आश्विनात पुन्हा एकदा जावे.