मोहरीचे गोत्र

फुलांतील केसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्याची लिनियसची पद्धत अठराव्या शतकात सर्वमान्य झाली. परंतु बाह्यरूपाने जे आप्त ठरतात त्यांचे औषधी गुणही बहुधा सारखे असतात, असा सिद्धांत १८०४ साली जिनिव्हाच्या द कांदोलने मांडला, आणि वनस्पतींच्या अंगच्या रसायनांनाही त्यांच्या वंशावळीच्या दफ्तरात जागा मिळू लागली.

या विचाराची खरी शहानिशा मोहरीच्या निमित्ताने झाली. कोरडा दाणा निरुपद्रवी असतो, पण मोहरी पाण्यात फेसली की नाकाला झोंबते. कारण दाण्यातील गंधकयुक्त ग्लुकोसाइड आणि त्याचे विघटन करणारे विकर एरवी निरनिराळ्या ठिकाणी साठवलेले असतात, आणि पेशी चिरडल्यावरच त्यांची गाठ पडून तिखट तेल निर्माण होते. कीटकांपासून स्वसंरक्षणाची ही तजवीज मुळा-कोबीत आहे, तशीच ती शेवग्याच्या मुळांत, वाघाटीत आणि पपईच्या बियांतही आढळते.

आता पपईचे फूल कोणत्याही अंगाने मोहरीच्या फुलासारखे नाही. बेंथम आणि हूकर यांनी तर तिला कृष्णकमळाच्या कुळात बसविले होते. तथापि कोपनहेगनच्या रॉल्फ डालग्रेनने १९७५ साली पुष्परचनेची तफावत बाजूस सारून ही तिखट तेलाची कुळे एकाच गणात आणली, तेव्हा एका द्रव्याच्या दाखल्यावर एवढा मोठा फेरफार करावा, हे अनेक जाणत्यांना मंजूर झाले नाही. पुढे जेम्स रॉडमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जनुकांचा ताळा घेतला, आणि १९९८ पावेतो पपई, शेवगा व मोहरी ही एकाच पूर्वजाची संतती असल्याचे निःसंशय ठरले.

मात्र त्याच तपासात पुत्रंजीव वृक्षाचा गोतावळा या वंशाबाहेर निघाला. तीच द्रव्ये त्याच्याही अंगी असून त्याचे नाते एरंडाच्या बाजूचे आहे. अर्थात ही विद्या निसर्गाने दोन वेळा स्वतंत्रपणे साधली होती. यास्तव रसायनाची साक्ष मोलाची खरी, परंतु दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याने तिला दुजोरा मिळेपर्यंत केवळ तिच्यावर वंशाचा निवाडा करणे युक्त नव्हे.