पडद्याआडून ऐकताना

ऑडिशन हा शब्द आपल्या सीमाभागात घरोघरी पोहोचला तो आकाशवाणीमुळे. धारवाड, सांगली, पणजी अशा एखाद्या केंद्रावर गाऊन आलेला माणूस गावी परतला की पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘ग्रेड कोणती?’ मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेत नावाखाली ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार’ ही ओळ आली की गायकाचे मानधन आणि संयोजकाचा आवाज दोन्ही थोडे चढत.

ही पद्धत रुजवली ती डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्या मराठी मंत्र्याने. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे आले. चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार लावणारे मंत्री म्हणूनच लोक त्यांना ओळखतात. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना अधिक झोंबली ती त्यांची परीक्षा. परीक्षक मंडळाची धुरा पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडे होती. त्यांच्यासारखा विद्वान शोधून सापडला नसता, तरीही गदारोळ उठला, बहिष्कार झाला. आमच्या उस्तादांचे नाव सांगितल्यावर आणखी काय तपासायचे, हा सवाल घराणेदार गवयांचा होता, आणि तो निव्वळ अहंकाराचा नव्हता. त्या परंपरेत गुरूचे नाव हा गाण्याचाच भाग. नाव बाजूला ठेवून गाणे ऐका म्हणणे म्हणजे वडाला पारंब्या कापून उभा राहा म्हणण्यासारखे होते.

योगायोग असा, की त्याच १९५२ साली अमेरिकेत बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने उमेदवार आणि परीक्षक ह्यांच्यामध्ये चक्क पडदा टांगला. तिथेही खरे दुखणे नावाचेच होते. तोवर मोठ्या ऑर्केस्ट्रात जागा रिकामी झाली की वाद्यवृंदाचा संचालक आपल्या ओळखीच्या गुरुजींना निरोप धाडी, गुरुजी आपला शिष्य पाठवीत, आणि बंद खोलीत निकाल लागे. ही गुरुकुलपद्धतीच, फक्त कोटटाय घातलेली. पुढे जागांची जाहिरात देणे, वादकांचीच निवडसमिती नेमणे हे सुरू झाले आणि १९७० नंतर पडदाही एकेका शहरात पसरला. मग नवी अडचण. लाकडी मंचावर टाचांच्या चपलांचा आवाज येई आणि पडद्यामागे बाई आहे हे कळे. म्हणून गालिचा अंथरला, कोणी चपला काढून यायला सांगितले, तर कोठे व्यवस्थापकच उमेदवाराबरोबर आपले बूट वाजवीत चालू लागला. न्यायासाठी माणसाला काय काय करावे लागते!

एका खुर्चीसाठी कधीकधी शंभरावर उमेदवार येतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे. तेवढ्यात वाजवायचे काय, तर एका अभिजात कंचेर्टोचा भाग आणि मग ‘एक्सर्प्ट्स’, म्हणजे मोठ्या रचनांमधले अवघड तुकडे. व्हायोलिनवाल्याला रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चे पहिले पान चुकत नाही. बासरीवाल्याला मेंडेल्सोनचे ‘स्केर्त्सो’, ट्रोम्बोनवाल्याला मोत्सार्टच्या ‘रेक्विएम’मधला एकल तुकडा. राव्हेलच्या ‘बोलेरो’त स्नेअर ड्रमवर दोन मापांचा एकच ठेका १६९ वेळा येतो. वाचताना हसू येईल, पण त्याची सुरुवात कुजबुजीइतक्या हलक्या आवाजात करायची असते, आणि परीक्षेला नेमकी तीच विचारतात.

ही तयारी मैफलीच्या रियाजाहून निराळी. मैफलीत एक आलाप फसला तर पुढची बंदिश सावरून घेते. इथे सावरायला पुढे काही नसते. म्हणून उमेदवार महिनोन्‌महिने मेट्रोनोमची टिकटिक लावून तोच तुकडा घोटतो, ध्वनिमुद्रित करून परक्याच्या कानाने ऐकतो, मित्रांना खुर्च्यांवर बसवून खोट्या परीक्षा देतो. काहीजण जिना धावत चढून येतात आणि छाती धडधडत असतानाच वाद्य उचलतात, कारण त्या दिवशी ती तशीच धडधडणार असते. आणखी एक गोष्ट ऐकणारे कान लगेच ओळखतात : समोरचा नुसती आपली ओळ वाजवतो आहे, की न वाजणारा सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्या डोक्यात चालू आहे. विरामाची मात्रा अर्ध्या केसाने आखूड झाली की ते कळते. थरथर थांबावी म्हणून गोळी घेणारेही थोडे नाहीत. अमेरिकेतील मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या १९८७ मधील पाहणीत शेकडा २७ वादकांनी हृदयगती आवरणारी औषधे घेत असल्याचे सांगितले होते. ह्याला कोणी दुबळेपणा म्हणेल. मला ती त्या दहा मिनिटांची किंमत वाटते.

पडद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच माणसाच्या कथेत पाहायची असेल, तर १९८० सालच्या म्युनिकला जावे लागते. म्युनिक फिलहार्मोनिकला पहिला ट्रोम्बोनवादक हवा होता. सरकत्या नळीचे हे पितळी वाद्य आपल्या लग्नाच्या बँडमध्ये सर्वांनी पाहिलेले आहे. जर्मनीत ते पुरुषांचे, लष्करी बँडचे वाद्य मानले जाई. ॲबी कॉनंट ह्या अमेरिकन तरुणीने अर्ज केला, तिला बोलावणे आले, आणि पत्रावर मायना होता ‘हेर ॲबी कॉनंट’, म्हणजे ‘श्रीयुत’. उमेदवार ३३ होते. त्यांत ऑर्केस्ट्राच्या वर्तुळातील एका परिचिताचा मुलगा असल्यामुळे, पक्षपाताचा बोल नको म्हणून त्या दिवशी पडदा लावला होता. म्हणजे पडदा बाईसाठी नव्हताच.

कॉनंटचा क्रमांक सोळावा. तिने फेर्डिनांड डेव्हिडचा कंचेर्टिनो वाजवला. एक सूर चिरकला. तिला वाटले, संपले. पण पलीकडे निर्णय झाला होता. तिच्यानंतरच्या सतराजणांना न ऐकताच घरी पाठवले गेले. तिला बाहेर बोलावले, आणि परीक्षकांनी पाहिले तर समोर श्रीयुत नव्हते.

इथे गोष्ट संपली असती तर ती छान बोधकथा झाली असती. पुढच्या फेऱ्या तिने जिंकल्या, जागा मिळवली. त्या काळी तिथले संगीतप्रमुख होते सर्जिउ चेलिबिदाके, विसाव्या शतकातील थोर कंडक्टरांपैकी एक. त्यांच्या ब्रुकनरची ध्वनिमुद्रणे आजही लोक जपून ऐकतात. ह्या थोर कानाने कॉनंटला लवकरच दुसऱ्या ट्रोम्बोनवर उतरवले. कारण तिला तोंडावर सांगण्यात आले : एकल ट्रोम्बोनला पुरुष हवा. ती न्यायालयात गेली. तिच्यात पुरेसे शारीरिक बळ नाही, असे पलीकडून मांडले गेले. तेव्हा तिने फुप्फुसांची तपासणी करून घेतली, यंत्रांत फुंकर मारली, रक्त दिले. मग बाहेरच्या ट्रोम्बोन-प्राध्यापकापुढे ऑर्केस्ट्रा-वाङ्मयातले कठीण तुकडे वाजवून दाखवले. त्यांचा अभिप्राय तिच्या बाजूने पडला. १९८८ मध्ये ती पहिल्या खुर्चीवर परत बसली, आणि पुरुष सहकाऱ्यांइतक्या पगारासाठी पुन्हा काही वर्षे भांडली. जी गोष्ट पडद्याआडून काही मिनिटांत सिद्ध झाली होती, ती पडदा बाजूला झाल्यावर सिद्ध करायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

पडद्याने नोकरी मिळते, टिकत नाही. युरोपातील मोठ्या ऑर्केस्ट्रात निवडीनंतर उमेदवारीचा काळ असतो आणि शेवटी सहकारी मतदान करतात. तिथे कसला पडदा? क्लॅरिनेटवादक साबिने मायरला खुद्द हेर्बर्ट फॉन कारायान बर्लिनमध्ये घेऊ पाहत होते, तर वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी तिला नाकारले. वाद वर्षभर पेटला आणि १९८४ मध्ये तीच निघून गेली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकची तऱ्हा आणखी न्यारी. हार्पवादक ॲना लेल्केश तिथे वीसहून अधिक वर्षे वाजवत होती, पण सभासद म्हणून तिला १९९७ मध्ये स्वीकारले.

अमेरिकेत मात्र पडद्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस ह्या अर्थशास्त्रज्ञांनी ऑडिशनच्या जुन्या नोंदी उकरून २००० साली अभ्यास छापला. पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत १९७० साली स्त्रिया शेकडा पाचाहूनही कमी होत्या, १९९७ मध्ये २५ झाल्या. त्यातला किती वाटा पडद्याचा, ह्यावर पुढे वाद झाला. काही निष्कर्ष फार थोड्या नोंदींवर उभे आहेत ही टीका मला रास्त वाटते. तरी दिशा स्पष्ट आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये २०२२ साली स्त्रिया ४५ आणि पुरुष ४४ होते.

पण त्याच न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन ह्या दोन कृष्णवर्णीय वादकांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली होती, आणि त्यांनीही पडद्याआडून तुलना करा असेच म्हटले होते. आयोगाने १९७० मध्ये बदली वादक नेमताना भेदभाव झाल्याचे मान्य केले, कायम जागांबाबत मात्र नाही. पुढे पडदा आला. तरी २०१४ साली अमेरिकन ऑर्केस्ट्रांत कृष्णवर्णीय वादक शंभरात दोनसुद्धा नव्हते. २०२० मध्ये तर पडदाच काढा, म्हणजे वाद्यवृंद आपल्या शहरासारखा दिसेल, अशी मागणी झाली. ती मला पटत नाही. पण तिच्यामागचे दुःख खरे आहे. पडदा पोहोचलेल्यांमध्येच न्याय करतो. ज्याला सहाव्या वर्षी चांगले वाद्य मिळाले नाही, गुरू मिळाला नाही, ऑडिशनच्या गावी जायचे भाडे जमले नाही, तो पडद्यापर्यंत आलेलाच नसतो.

हे समजायला आपल्याला अमेरिकेत जावे लागत नाही. गोव्यातील चर्चशाळांतून मेस्त्रींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले. पण ही पोरे ऑडिशन द्यायची कोठे? मुंबईत १९३५ साली मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी उभारली, तीत गोवेकर होते; मात्र त्यावर पोट भरणे अशक्य. मग माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे जाणकार हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांत गेले. तिथे परीक्षा नव्हती, ओळख होती. सकाळी निरोप आला की व्हायोलिनची पेटी उचलून निघायचे. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवून पाहिला. तो फार काळ टिकला नाही. पूर्णवेळ वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुंबईत उभा राहायला २००६ साल उजाडले. ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ची पहिली मांडणी झाली तेव्हा बहुतेक खुर्च्यांवर कझाकस्तानसारख्या परदेशांतून आलेले वादक होते, भारतीय अगदी मोजके. तिथे जोडूनच लहान मुलांसाठी संगीतशाळा काढावी लागली. तिचे साल २०१२.