गिलरेच्या चित्रात न दिसणारी मराठी फौज

लंडन, डिसेंबर १७९१. हॅना हम्फ्री या चित्रविक्रेत्या बाईंनी एक व्यंगचित्र प्रसिद्ध केले. श्रीरंगपट्टणाच्या तटावर टिपू सुलतान उभा आहे आणि खाली पळणाऱ्या इंग्रजांवर चक्क मूत्रविसर्जन करतो आहे. पळणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस! शीर्षकाचा आशय : ‘मान्सूनचे आगमन, अर्थात श्रीरंगपट्टणाहून माघार’.

चित्रकार जेम्स गिलरे (१७५६–१८१५). एका हात गमावलेल्या सैनिकाचा हा मुलगा. तांब्याच्या पत्र्यावर आकृती कोरायची, छाप काढायचे आणि ते हाताने रंगवून विकायचे, हा त्याचा व्यवसाय. राजा तिसरा जॉर्जही त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. हिंदुस्थान मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. मे महिन्यातली माघार डिसेंबरात थट्टेचा विषय झाली, कारण बातमी जहाजाने येत असे.

प्रत्यक्षात काय घडले? मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापाशी पोहोचला, लढाईही जिंकला. पण पाऊस लागला, तोफा ओढणारे बैल मेले, धान्य संपले. वेढ्याच्या अवजड तोफा त्याला स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या. परतीच्या वाटेवर घोडेस्वार दिसले, तेव्हा इंग्रजांना ते शत्रूचेच वाटले. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेचे! टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे मित्रसैन्य इतके जवळ आल्याची इंग्रजांना वार्ताच नव्हती. मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला होता. भाव चढे होते, हेही खरे. पण उपाशी पलटणींना अन्न मिळाले ते तिथेच.

ज्या निजामाच्या राज्यात आपला कळंब १९४८ पर्यंत होता, तोही या युद्धात इंग्रजांच्याच बाजूने होता. गिलरेच्या चित्रात मात्र नाट्य दोघांचेच : टिपू आणि कॉर्नवॉलिस. त्याने आपल्या सेनापतीची निर्दयपणे टर उडवली, याचे कौतुक वाटते. परंतु त्या सेनापतीला सावरणारे दोस्त लंडनच्या ग्राहकाला ठाऊक नव्हते, म्हणून कागदावरही उतरले नाहीत.

पुढच्याच वर्षी तहात टिपूचे अर्धे राज्य गेले. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम खर्ड्याला परस्परांविरुद्ध उभे ठाकले.

या मोहिमेची मराठी बाजू पाहायची असेल, तर वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून छापलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उघडावा. तिथे चित्रे नाहीत, पत्रे आहेत.