खिशातले संगीत, रेडिओचा आवाज

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस सुरूच्या झाडांमागे राजोडीचा किनारा आहे. सुटीच्या दिवशी मुंबई-ठाण्याकडची मंडळी मोटारी घेऊन येथे येतात. सोबत गाणी असतातच. पण मोटारीतला रेडिओ बरेचदा जुना असतो आणि त्याला नव्या यंत्रांची भाषा समजत नाही. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने खिशात हजार गाणी बाळगण्याची सोय केली आणि तेव्हाच हा प्रश्न निर्माण झाला. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्याची जागा मोबाइलने घेतली. प्रश्न मात्र जुन्या गाड्यांत आणि जुन्या घरांत कायम आहे. छोट्या प्लेअरमधील ध्वनी रेडिओच्या कर्ण्यातून ऐकण्याचे मार्ग कोणते, त्यांचे गुणदोष काय आणि मर्यादा कोठे येतात, याचा हा आढावा.

थेट तारेचा मार्ग

मोटारीच्या रेडिओवर 'ऑक्स' असे लिहिलेले साडेतीन मिलिमीटरचे छिद्र असेल तर दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. दोन्ही टोकांना जॅक असलेली साधी तार पुरते आणि आवाज सर्वांत स्वच्छ मिळतो. ज्या मोबाइलला हेडफोनचे छिद्रच नाही, त्यासाठी योग्य जोडणी निराळी घ्यावी लागते. प्लेअरचा आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवून उरलेली वाढ रेडिओवर करावी. प्लेअरचा आवाज पूर्ण चढवला तर स्वर फाटतो. फारच कमी ठेवला तर रेडिओची खरखर वर येते.

त्याच गाडीतून प्लेअर चार्ज करत असताना इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. चार्जरची आणि ध्वनीची तार दोन वाटांनी गाडीच्या एकाच विद्युत-भूमीला जोडली जाते, हे तिचे कारण. चार्जर काढताच शीळ थांबली तर निदान पक्के. 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मध्ये बसवली की हा त्रास जातो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने जॅकवर क्षार चढतो आणि एका बाजूचा कर्णा मुका होतो; अशा वेळी यंत्र बदलण्यापूर्वी जॅक कोरड्या फडक्याने पुसून पाहावा.

कॅसेटच्या वेषातली तार

रेडिओसोबत कॅसेटचा कप्पा असल्यास कॅसेट अडॅप्टर उपयोगी पडतो. कॅसेटच्या आकाराच्या या खोक्यात फीत नसते. त्यातील छोटे चुंबकीय शीर्ष प्लेअरकडून आलेल्या विद्युत-लहरींचे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात रूपांतर करते आणि गाडीच्या टेपचे शीर्ष ते फितीवरचे ध्वनिमुद्रण समजून वाचते. हवेतील लहरींचा संबंध नसल्याने अन्य केंद्रांचा अडथळा येत नाही. काही 'ऑटो रिव्हर्स' टेपना मात्र फीत संपल्याचा भास होतो आणि त्या सतत बाजू बदलत राहतात.

खिशातले एफएम केंद्र

ऑक्स नाही आणि कॅसेटही नाही, अशा गाडीसाठी एफएम ट्रान्समीटर असतो. सिगारेट लायटरच्या बारा व्होल्टच्या खाचेत बसणारे हे यंत्र तारेने किंवा ब्लूटूथने गाणे घेते आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही फुटांपुरते प्रक्षेपित करते. रेडिओ त्याच कंपनसंख्येवर लावला की गाणे ऐकू येते. या पद्धतीत पंधरा किलोहर्ट्झच्या वरचे सूक्ष्म स्वर गळतात. प्रवासातील ऐकण्याला ते चालून जाते.

खरी कसोटी रिकामी जागा शोधण्याची. एकाच कंपनसंख्येवर दोन केंद्रे आली तर एफएमचा ग्राहक बलवान केंद्र पकडतो आणि दुबळे दाबून टाकतो. मुंबई शहरात ९१.१, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी केंद्रे जोरकस असल्याने या छोट्या यंत्राचा निभाव कठीण. राजोडीपर्यंत येताना त्यांचा जोर घटतो आणि रिकाम्या जागा वाढतात. म्हणूनच किनाऱ्यावर उत्तम वाजणारे गाणे परतीच्या वाटेवर दहिसरच्या आसपास खरखरू लागते. निघण्यापूर्वी रेडिओ पट्टाभर फिरवून, दोन्ही बाजूंना मोकळीक असलेल्या दोन जागा निवडून ठेवाव्यात. चालत्या गाडीत हे काम चालकाने करू नये. शेजारी बसलेल्याने करावे.

घरातला जुना रेडिओ

व्हॉल्व्हच्या अनेक जुन्या रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोनसाठी 'पिक-अप' ही जोडणी असते. मीडियम वेव्हपुरत्या संचावर एफएम ट्रान्समीटर निरुपयोगी; पण या जोडणीतून आजचा प्लेअरही वाजू शकतो. वसई पट्ट्यात सामवेदी आणि वाडवळी बोलीतील लग्नगीतांची घरगुती ध्वनिमुद्रणे जपलेली असतात. ती व्यावसायिक केंद्रांवर सहसा लागत नाहीत. आजीच्या ओळखीच्या रेडिओतून ती ऐकवणे या जोडणीमुळे शक्य होते. येथे एक गंभीर सावधगिरी हवी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही जुन्या संचांचा धातूचा सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. अशा संचाला हेडफोनची तार लावणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे जाणत्या कारागिराने संच तपासल्याखेरीज ही जोडणी करू नये. स्टिरिओ प्लेअरच्या डाव्या-उजव्या तारा एकत्र पिळणेही टाळावे. त्या दोन रोधकांमधून जोडाव्यात.

मर्यादा कोठे

ट्रान्समीटरचा पल्ला वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. लांब एरियल, वाढीव शक्तीचे सुटे भाग हाताशी असतात. येथेच छंद संपतो आणि परवानगीविना प्रक्षेपण सुरू होते. भारतात १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांपासून हे क्षेत्र परवान्याच्या अधीन आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावात राघव महतो या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने घरगुती सामग्रीतून एफएम केंद्र उभारले. गावकऱ्यांचे ते लाडके होते. तरीही परवाना नसल्याने २००६ मध्ये ते बंद झाले. ब्रिटनमध्ये ही छोटी यंत्रे २००६ च्या डिसेंबरात वैध झाली, तीही अत्यल्प शक्तीची अट घालून.

नियमामागे कारण आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तेथूनच विमानांना दिशा दाखवणाऱ्या लहरींचा पट्टा सुरू होतो. निकृष्ट वाढीव यंत्राच्या उपलहरी तेथे घुसू शकतात. शिवाय शेजारच्या घरात त्याच वेळी कोणी हवामानाचे वृत्त ऐकत असू शकतो. वादळाची सूचना आणि आपले गाणे एकाच जागी आले, तर किनाऱ्यावरच्या गावात त्याचा अर्थ फार वेगळा होतो.

गाडीची दारे उघडून मोठ्याने गाणी लावणाऱ्यांनी २००० चे ध्वनिप्रदूषण नियमही ध्यानात ठेवावेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. राजोडीत पर्यटक दिवसापुरते येतात. गाव तेथे बारा महिने राहते. आपले संगीत आपल्या गाडीपुरते राहील इतकी शक्ती आणि इतकाच आवाज पुरेसा आहे.